वायरिंग येतं, पण सही कुणाची? इलेक्ट्रिशियनचा धंदा सुरू करण्याआधी हे वाचा



गेल्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला. "ताई, मला वायरिंगचं काम येतं. स्वतःचं सुरू करायला किती भांडवल लागेल?"

भांडवलाचा हिशोब खाली दिलाय. पण त्याआधी एका गाईची गोष्ट सांगते. व्हिडिओत ही सांगायची हिंमत झाली नव्हती, म्हणून इथे लिहितेय.

गोठ्यातली गोष्ट

आमचं दुकान वरवे बुद्रुकला, पुणे-सातारा हायवेला लागून. सासऱ्यांनी हार्डवेअरचं सुरू केलं होतं. मी बीबीए करून या घरात आले आणि इलेक्ट्रिकलचा माल वाढवला. डोकं साधं होतं. शिवापूरपासून नसरापूर, कापूरहोळपर्यंत रस्त्याच्या कडेला हॉटेलं, गोदामं, कारखाने. आत गेलं की फार्महाऊस, गोठे, विहिरीवरच्या मोटारी. वीज सगळ्यांनाच लागते.

मग सुचलं की माल आपला, तर मजुरीही आपलीच का नको? दुकानात एक पोरगा होता. दहावी पास, हात एकदम साफ. दुसऱ्यांचं बघून बघून शिकलेला. त्याच्या जोरावर मी वायरिंगची कामं घ्यायला लागले. लायसन्स लागतं हे मला ऐकून माहीत होतं. पण "गावात कोण विचारतंय" असं म्हणून सोडून दिलं.

आठ वर्षांपूर्वी जवळच्याच एका गावात गोठ्याचं काम केलं. चार दिवे, दोन प्लग, कडबाकुट्टीच्या मशीनला लाईन. काम दिसायला सुंदर. पण अर्थिंगचा खड्डा घेतला नव्हता. तिसरी हिरवी वायर बोर्डात गुंडाळून ठेवली होती. "पुढे करू" म्हणून.

जुलैचा पाऊस. मशीनची केबल घासली आणि लोखंडी सांगाड्यात करंट उतरला. खाली ओली जमीन. तिसऱ्या वेताची गाय पाणी प्यायला पुढे झाली, मशीनला टेकली आणि तिथंच गेली. घरातल्या आजी धार काढायला भांडं घेऊन निघाल्या होत्या. त्या दोन मिनिटं आधी पोचल्या असत्या तर?

मालक दुकानात आले. आरडाओरडा नाही केला. एवढंच विचारलं, "वहिनी, त्या पोराकडं लायसन होतं का?"

मी गाईचे पैसे भरून दिले. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एमसीबी का नाही पडला?

हे मी तेव्हा दहा जणांना विचारलं. तुम्हीही समजून घ्या, कारण गिऱ्हाईक तुम्हाला हेच विचारणार.

एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव जायला १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा करंटही पुरतो. अर्थिंग नीट असतं तर मशीनमध्ये उतरलेला करंट त्या वाटेने जोरात गेला असता आणि एमसीबी पडला असता. वाटच नव्हती, म्हणून सांगाडा जिवंत राहिला आणि जो पहिला टेकला तो वाट झाला.

माणसासाठी आरसीसीबी असतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय का, हे तो बघतो. घरगुती कामात तो ३० मिलिअँपिअरचा लावतात. एवढा फरक पडला की क्षणात लाईन तोडतो. पण अर्थिंग सोडून नुसता आरसीसीबी लावणं हेही अर्धंच काम.

आमच्या पोराला यातलं काही माहीत नव्हतं, कारण त्याने ज्यांचं बघून शिकलं त्यांनाही माहीत नव्हतं. बघून शिकण्यातला हाच धोका आहे. हाताची सफाई येते, पण चुकाही जशाच्या तशा येतात.

कायदा काय म्हणतो

दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं, म्हणजे जुनं काढून तसंच नवं बसवणं, यासाठी लायसन्स लागत नाही. पण नवीन पॉइंट काढणं, लाईन वाढवणं, नवं वायरिंग करणं, हे काम लायसन्सधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हायला हवं. त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरची देखरेख हवी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे परवाना हवा. ही अट नवी नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती, २०१० च्या आणि आता २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही आहे.

म्हणजे कागद तीन:

१. वायरमनचा परवाना: हाताने काम करणाऱ्याचा.
२. सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र: काम तपासणाऱ्याचं.
३. विद्युत ठेकेदाराचं लायसन्स: काम अंगावर घेणाऱ्याचं.

महाराष्ट्रात हे राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतं. शिक्षण आणि अनुभवाप्रमाणे अटी बदलतात, म्हणून एजंटाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. खात्याच्या संकेतस्थळावरचा नियम स्वतः वाचा.

महावितरणकडे नवीन कनेक्शनचा अर्ज करताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. आणि इथेच आपल्याकडे खेळ होतो. काम एकाचं, सही दुसऱ्याची. सही करणाऱ्याने जागा बघितलेलीसुद्धा नसते. मंडळी, उसनी सही घेऊन धंदा उभा करू नका. ज्या दिवशी काही घडेल त्या दिवशी सहीवाला हात वर करेल आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात येईल. माझ्या दारात आलं होतं.

मग शिकायचं कुठून?

त्या पोराला मी दुकानातून काढलं नाही. चूक त्याच्याइतकीच माझी होती. त्याला म्हटलं, आयटीआयला जा, सुट्टीच्या दिवशी दुकानात ये. तो तेव्हा १९ वर्षांचा होता. "आता दहावीच्या पोरांबरोबर बसू का?" म्हणाला. बसला. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, हे लक्षात ठेवा.

वाटा अशा आहेत:

इलेक्ट्रिशियन ट्रेड. आयटीआयमध्ये २ वर्षं, दहावी पास हवं. पहिल्या वर्षी सुरक्षा, जोड, वायरिंग, अर्थिंग, मोजमापाची उपकरणं. दुसऱ्या वर्षी मोटारी, वाइंडिंग, कंट्रोल पॅनेल, इन्व्हर्टर, सोलर. कारखाना आणि स्वतःचा धंदा, दोन्हीकडे चालतो.

वायरमन ट्रेड. हाही २ वर्षांचा. दहावी नापास झालेल्यांनाही महाराष्ट्रात इथे दार उघडं आहे. दहावी हुकली म्हणून घरी बसलेलं कुणी ओळखीत असेल तर त्याला हे नक्की सांगा.

डिप्लोमा. दहावीनंतर पॉलिटेक्निकला ३ वर्षं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. म्हणजे आयटीआय ही बंद गल्ली नाही.

अप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात प्रत्यक्ष काम, वर विद्यावेतन. आपल्याकडे हायवेला कारखाने आहेतच. आमच्या पोराने एक वर्ष केलं आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. आधी विचारायचा, "वहिनी, वायर कुठली देऊ?" आता गिऱ्हाइकाला विचारतो, "लोड किती आहे? पुढे एसी लावणार का?"

भोर तालुक्यातल्या मुलांना भोरची शासकीय आयटीआय आहे, पुण्यात औंधची आहे. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतात. दहावीचा निकाल लागला की रोज लक्ष ठेवा. तारीख चुकली की वर्ष गेलं.

अजून एक जागा आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. पीएचडी झालेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस गावात येऊन राहिला. विचार सोपा: हाताने काम करता करता शिकायचं, आणि ते काम गावाच्या उपयोगाचं असायचं. तिथल्या एक वर्षाच्या निवासी कोर्समध्ये मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती यांच्याबरोबर विजेचं कामही शिकतात. एकाच कामाची नोकरी शोधण्यापेक्षा गावात चार कामं करून उभं राहायचं असेल, तर ही वाट बघण्यासारखी आहे. पण ठेकेदार व्हायचं असेल तर वरचे तीन कागद वेगळे मिळवावेच लागतात.

आता भांडवल आणि हिशोब

आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे भाव घालून परत मांडा.

समजा ४० पॉइंटचं घर आहे आणि मजुरी पॉइंटला ३०० रुपये. झाले १२,०००. दोघं जण पाच दिवस, रोज ८०० प्रमाणे ८,००० गेले. पेट्रोल, ड्रिलचे बिट, चहा-जेवण, एकदा तक्रारीसाठी परत जाणं, यात १,५०० गेले. हातात २,५००. तुमची स्वतःची हजेरी यात धरली नसेल तर तुम्ही फुकट राबलात.

नुसती वायर ओढण्यात एवढंच उरतं, कारण वायर ओढणारे प्रत्येक वाडीत आहेत. भाव पाडायला कुणी ना कुणी तयारच असतो.

आता दुसरी बाजू. समजा हायवेवरची आठ हॉटेलं नि गोदामं तुम्ही वर्षाच्या तपासणीला बांधून घेतली. मेगरने इन्सुलेशन बघणं, अर्थ टेस्टरने अर्थिंग मोजणं, आरसीसीबी पडतोय का ते बघणं, ढिले टर्मिनल आवळणं आणि सगळं लिहून सही करून देणं. प्रत्येकी वर्षाला ६,००० धरले तर ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,००० ठरलेले. या कामात तुम्ही खात्री विकता. ती विकायला कागद लागतो आणि मीटर वाचता यावं लागतं.

म्हणून पहिले पैसे बॅनरवर नाही, उपकरणांवर घाला. चांगलं मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, मेगर, अर्थ टेस्टर, इन्सुलेटेड हत्यारं, हातमोजे. महागडी उपकरणं पहिल्या वर्षी दोघा-तिघांनी मिळून घेतली तरी चालतात.

कर्ज हवं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजनेचं बरेच जण विचारतात. तिच्या १८ कामांच्या यादीत इलेक्ट्रिशियन नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. जीएसटीचं म्हणाल तर नुसत्या सेवेच्या धंद्याला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही.

पुढचं मोठं काम सोलरचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती सिस्टिमला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचं अनुदान आहे. ते बसवायला माणसं लागणार. पण लक्षात घ्या, मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडून येणारी वायर जिवंत असते. तिथे बघून शिकलेला हात आणखी धोक्याचा.

शेवटचं

तो पोरगा आज परवानाधारक वायरमन आहे. आम्ही कामं एका लायसन्सधारक ठेकेदाराबरोबर करतो. ते स्वतः जागेवर येऊन तपासतात, मगच सही होते. पोरगा सुपरवायझरच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. ते झालं की पुढचं पाऊल ठेकेदाराच्या लायसन्सचं. दुकानाच्या पाटीवर नाव त्याचंही लागेल, हे मी त्याला सांगून ठेवलंय.

मागच्या पावसाळ्याआधी त्या गोठ्याच्या मालकांचा फोन आला. नवीन शेड बांधलंय, वायरिंग करायचंय म्हणाले. मला आधी खरंच वाटेना. पोरगा गेला, पहिल्या दिवशी फक्त अर्थिंगचा खड्डा घेतला. आजी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. शेवटी त्याने मीटर लावून आकडा त्यांना दाखवला. आजींना आकड्यातलं काय कळणार? पण त्या म्हणाल्या, "आता हात लावू ना रं मशीनला?"

तो म्हणाला, "लावा, आजी."

हे 'लावा' छातीठोकपणे म्हणता येईल, त्या दिवशी धंदा सुरू करा. तोवर शिका. या आठवड्यात एकच काम करा: जवळच्या आयटीआयत स्वतः जाऊन या, आणि तिथल्या निदेशकांना विचारा की अप्रेंटिस कुठे कुठे घेतात. काय उत्तर मिळालं ते मला कळवा. पुढच्या व्हिडिओत कोटेशन कसं लिहायचं ते बघू.