दळण्याआधीच दगडाची पारख

गोंदियाची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. तिथे मलांजखंडची तांब्याची खाण आहे. तिथल्या खनिजात तांबं साधारण एक टक्क्याच्या आसपास. बाकी दगड, त्यातही गारगोटी भरपूर. एवढंसं तांबं सुटं करायचं तर सगळा दगड बारीक दळावा लागतो. तांब्या-सोन्याच्या खाणींत विजेचा मोठा वाटा या दळणातच जातो.

कुठल्या दगडाला किती वीज लागेल, याचं सूत्र फ्रेड बाँड यांनी 1952 मध्ये मांडलं. ते आजही जगभर वापरतात. चाचणीसाठी फूटभर रुंद, फूटभर लांब असं लोखंडी पिंप लागतं. त्यात सुमारे वीस किलो पोलादी गोळे आणि 700 घन सेंटिमीटर भरड खनिज टाकून ते फिरवायचं. मग चाळायचं, जेवढं चाळणीखाली पडलं तेवढंच नवं भरायचं आणि पुन्हा फिरवायचं. दर फेऱ्यात होणारं पीठ सारखं येईपर्यंत हा खटाटोप चालतो. हाती येतो एक आकडा, दगडाचा दळण-निर्देशांक.

हा आकडा खाणीचं गणित बदलतो. अडीच मिलिमीटरची भरड 0.1 मिलिमीटरपर्यंत दळायला 10 निर्देशांकाच्या दगडाला टनामागे 8 युनिट वीज लागते. 18 निर्देशांकाच्या दगडाला 14.4. गिरणीत तासाला 1,000 युनिट खर्च होत असतील, तर पहिला दगड 125 टन दळून होईल, दुसरा जेमतेम 69 टन. तांबं दोन्हींत सारखंच असलं, तरी कोणता भाग आधी खोदायचा हे इथे ठरतं.

अडचण अशी, की एका चाचणीला सुमारे दहा किलो नमुना लागतो, वेळ आणि पैसाही लागतो. त्यामुळे चाचण्या मोजक्याच होतात. रासायनिक पृथक्करण, घनता, खनिजांची नोंद मात्र ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडाच्या कांडीवर जागोजागी झालेली असते. मशीन लर्निंग या दोहोंची सांगड घालतं. ‘रँडम फॉरेस्ट’ पद्धतीत शेकडो निर्णयवृक्ष असे प्रश्न विचारतात: सिलिका अमक्यापेक्षा जास्त आहे का? घनता कमी आहे का? सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी म्हणजे न तपासलेल्या दगडाचा अंदाज.

यात एक फसगत होते. शेजारशेजारचे नमुने एकमेकांसारखेच असतात. त्यातले काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले, तर मॉडेल खोटंच हुशार ठरतं. म्हणून आख्खी बोअरहोलच बाजूला ठेवून परीक्षा घ्यावी लागते. आणि वृक्षांची उत्तरं जिथे एकमेकांपासून फार लांब जातात, तिथला दगड पुढच्या चाचणीसाठी पिंपात पाठवायचा.