फुटाळा तलावाकाठची प्रेक्षक दीर्घा : इतिहास आणि न्यायनिर्णय

बीजशब्द : फुटाळा तलाव, प्रेक्षक दीर्घा, पाणथळ जागा, सार्वजनिक विश्वस्त तत्त्व

प्रस्तावना :
विदर्भातील तलाव हे सिंचन, लोकजीवन आणि नगररचना यांच्या परस्परसंबंधांचे साक्षीदार आहेत. नागपूरच्या फुटाळा तलावाकाठी उभारलेल्या प्रेक्षक दीर्घेमुळे या संबंधांना न्यायालयीन परिमाण लाभले. या दीर्घेचा पूर्वेतिहास मांडून तत्संबंधीच्या निर्णयाचा अर्थ स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
तेलंगखेडी तलाव या नावानेही परिचित असलेला फुटाळा तलाव नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत, इ. स. 1799 मध्ये सिंचनासाठी बांधण्यात आला. कालांतराने शहर तलावाच्या काठापर्यंत पोहोचले. सिंचनासाठी घातलेली पाळ नागरिकांचे सायंकाळचे विसाव्याचे ठिकाण झाली व तिला ‘फुटाळा चौपाटी’ हे नाव रूढ झाले. म्हणजेच दीर्घा बांधली जाण्यापूर्वीच तलावाची पाळ ही लोकांची प्रेक्षक दीर्घा होती. पुढे तलावात संगीत कारंजे व काठावर आसनव्यवस्थेची दीर्घा असा प्रकल्प आकारास आला. 2022 मध्ये कारंज्याचे प्रायोगिक खेळ झाले. तरंगते उपाहारगृह व कृत्रिम वटवृक्ष यांचाही या योजनेत समावेश होता.

विवादाचे स्वरूप :
स्वच्छ असोसिएशन या नागपूरच्या संस्थेने जनहित याचिका दाखल केली. फुटाळा ही पाणथळ जागा असल्याने तेथील बांधकाम नियमबाह्य आहे, असे तिचे प्रतिपादन होते. येथे 2017 च्या पाणथळ जागा नियमांतील व्याख्या निर्णायक ठरली. ही व्याख्या नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही जलक्षेत्रांना सामावून घेते. मात्र पेयजलासाठी खास बांधलेले तलाव, तसेच मत्स्यपालन, मीठ उत्पादन, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास उभारलेल्या रचना ती वगळते. साहजिकच, दोन शतकांपूर्वी तलाव कोणत्या हेतूने बांधला गेला, हा इतिहासाचा प्रश्न कायद्याचा कळीचा प्रश्न झाला.

न्यायनिर्णय :
मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फुटाळा ही नियमांच्या अर्थाने पाणथळ जागा नाही, असे ठरविले. त्याचबरोबर जलाशयात कायमस्वरूपी बांधकाम होऊ नये व जलचरांना बाधा न येता तलाव स्वच्छ राखावा, असेही बजावले. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने 7 ऑक्टोबर 2025 रोजी हा निर्णय कायम केला. नैसर्गिक संपत्ती शासनाकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये कमलनाथ खटल्यात स्वीकारले होते. मानवनिर्मित जलाशयांनाही ते लागू होते, हे फुटाळा निर्णयाचे महत्त्वाचे योगदान होय.

विवेचन :
या निर्णयाचे दोन परिणाम संभवतात. सिंचनासाठी खोदलेले असंख्य जुने तलाव पाणथळ नियमांच्या संरक्षणाबाहेर राहतात. दुसरीकडे, विश्वस्त तत्त्वामुळे त्यांच्या रक्षणाचे शासनाचे दायित्व संपत नाही. तथापि नियमांतील स्पष्ट मनाई आणि विश्वस्ताचे सामान्य कर्तव्य यांत अंतर आहे. मनाईचा भंग सहज दाखविता येतो. कर्तव्यच्युती मात्र प्रत्येक वेळी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते.

आपल्या वाशीम जिल्ह्यालाही हा प्रश्न लागू होतो. वाशीम नगरीतील पद्मतीर्थ व देव तलाव यांचे स्थान प्राधान्याने धार्मिक आहे आणि धार्मिक हेतूचा उल्लेख वगळलेल्या हेतूंच्या यादीत नाही. सिंचनासाठी बांधलेला गावतलाव आणि तीर्थ म्हणून बांधलेला तलाव यांचे कायदेशीर स्थान म्हणूनच भिन्न ठरू शकते.

निष्कर्ष :
तलावाच्या निर्मितीचा हेतू हा आता केवळ इतिहासाभ्यासकांच्या जिज्ञासेचा विषय राहिलेला नाही; त्यावर तलावाचे भवितव्य अवलंबून आहे. शिलालेख, सनदा, महसुली नोंदी व मौखिक परंपरा यांच्या आधारे परिसरातील तलावांचा इतिहास संकलित करणे, हे महाविद्यालयीन इतिहास, भूगोल व पर्यावरण विभागांचे संयुक्त कार्य ठरावे. काठावर नवी दीर्घा उभी राहण्यापूर्वी हे दस्तऐवज सिद्ध असणे अगत्याचे आहे.