मधुमेही रुग्ण आणि सणाचे ताट : पथ्यात मुभा किती व कशी?

गणेशोत्सव संपला की कर्जत-खालापूर परिसरातील आमच्या चिकित्सालयांत मधुमेही रुग्णांची उपस्थिती रोडावते, हा अनुभव येथील बहुतेक वैद्यबंधूंना असेल. कारण प्रकृती सुधारली हे नसते. रुग्णाने मोदक खाल्लेले असतात आणि वैद्यांसमोर येण्याची त्याला लाज वाटते. नेरळकडील एक शेतकरी रुग्ण असाच गणपतीनंतर येईनासा झाला. तो दिवाळीनंतर आला तेव्हा पायाला जखम होती आणि गोळ्या महिनाभर बंद होत्या. "एकदा पथ्य मोडलेच, मग औषध घेऊन काय उपयोग," हे त्याचे उत्तर. या रुग्णास आम्हीच "गोड कायमचे बंद" असे सांगितले होते. अपाय दोन मोदकांनी झाला नव्हता. पुढील दोन महिन्यांच्या खंडाने झाला होता. म्हणून या विषयाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. एवढ्या लोकांना आजन्म सण, लग्नकार्य व पाहुणचार यांपासून दूर ठेवणे शक्य नाही. त्यांना सणातून सुखरूप पार कसे न्यावे, हाच व्यवहार्य प्रश्न आहे.

शास्त्राचा आधार

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंत बैठे सुख, अतिनिद्रा, दही, दुधाचे पदार्थ, गुळाचे विकार यांबरोबर नवे धान्यही सांगितले आहे. आपला भाग भाताचा. कर्जतला भात संशोधनाचे केंद्रच आहे. कापणीनंतर नव्या तांदळाचा भात व भाकरी घरोघरी होते, आणि दिवाळीचा फराळही त्याच सुमारास येतो. तेव्हा रुग्णास केवळ लाडू-करंजी नव्हे, तर नव्या तांदळाविषयीही सांगावयास हवे. जुना तांदूळ, नाचणी, यव, मूग व कडू भाज्या हा त्याचा नित्याचा आहार असावा.

मुभेच्या संदर्भात आचार्यांचा आणखी एक विचार मार्गदर्शक ठरतो. सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात अहितकर सवय एकदम न तोडता पादांश क्रमाने सोडण्यास व हितकर सवय त्याच क्रमाने लावण्यास सांगितले आहे. दिवसाला चार गोड चहा पिणाऱ्याचे चारही चहा एकाच दिवशी बंद केले, तर पथ्य आठवडाभरच टिकते.

मात्रेचा हिशेब

मुभा देताना ती मोजून द्यावी. मध्यम उकडीच्या मोदकात सुमारे १५ ग्रॅम तांदळाची पिठी व १० ग्रॅम गूळ धरल्यास खोबऱ्यासह २० ते २२ ग्रॅम कर्बोदके होतात. ५० ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या भाकरीत ती सुमारे ४० ग्रॅम असतात. म्हणजे दोन मोदक हे एका भाकरीच्या बरोबरीचे झाले. रुग्णास असे सांगावे : "दोन मोदक घ्या, पण त्या जेवणात भात व भाकरी नको." सणाचे पान नेहमीच्या जेवणाच्या जागी यावे, त्यावर भर म्हणून नव्हे.

यासोबत तीन गोष्टी सांगाव्यात. प्रथम भाजी, कोशिंबीर व आमटी-उसळ खावी, गोड शेवटी घ्यावे. या क्रमाने भोजनोत्तर साखर कमी चढते. जेवणानंतर १० ते १५ मिनिटे चालावे. गोड रात्री उशिरा न खाता दुपारच्या जेवणात खावे. घरी ग्लुकोमीटर असल्यास दोन तासांनी तपासावे, म्हणजे आपल्याला काय सोसते हे रुग्णास स्वतःच कळते. एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नये. एचबीए१सी दोन ते तीन महिन्यांची सरासरी दाखविते. परंतु त्याच कारणाने "एकच दिवस" आठवड्यातून चारदा आला तर तोही त्या सरासरीत उमटतो. पहाटेची लोकल पकडणाऱ्या नोकरदाराचा स्टेशनवरचा रोजचा वडापाव ही सणाची मुभा नव्हे, ती सवय होय.

स्थूल रुग्ण वजन घटवीत असता काही दिवस आहारास विश्रांती मागतात. अशी विश्रांती म्हणजे वजन स्थिर राहील इतकाच आहार. मनास येईल ते खाणे नव्हे. तिची मुदत व परतीचा दिवस आधी ठरवावा. कृश प्रमेही, गर्भिणी, वृक्कविकारी व ज्यांची साखर अनियंत्रित आहे अशांस ही सूट देऊ नये.

उपवासाचा धोका

मेजवानीपेक्षा उपवास अनेकदा घातक ठरतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन घेणारा रुग्ण माघी चतुर्थीस निराहार महडच्या वरदविनायकास निघाला, अथवा खोपोलीच्या कारखान्यात रात्रपाळीस उपाशी गेला, तर साखर एकदम उतरते. घाम, कंप, भ्रम ही लक्षणे असून साखर ७० मिलिग्रॅमखाली असल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपलेल्या रुग्णास तोंडाने काही देऊ नये. तत्काळ रुग्णालयात पाठवावे. उलटपक्षी साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. उपवासाची खिचडी म्हणजे हलका आहार, हा समज दूर करावा. सणाकरिता आधुनिक औषधाची मात्रा स्वतः वाढविणे वा थांबविणे रुग्णाने करू नये. ते देणाऱ्या चिकित्सकाशी आपणही संपर्क ठेवावा.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

रुग्ण सणाच्या आदल्या दिवशी आपल्याकडेच येतो. "शुगर फ्री" मिठाईत साखर नसली तरी मैदा, खवा व तूप असतेच. गूळ व साखर यांत मधुमेह्यासाठी फारसा भेद नाही. मध प्रमेहात सांगितला आहे तो औषधासमवेत अल्प मात्रेत. वाटीने खाण्यासाठी नव्हे. आसव-अरिष्टे, अवलेह व पाक यांतील गूळ-साखरही हिशेबात धरावी. अकार्बोज वा व्होग्लिबोज घेणाऱ्याची साखर उतरल्यास घरची साखर लवकर लागू पडत नाही, त्यास ग्लुकोज पावडरच द्यावी. हे पाकीट देतानाच सांगावे.

शेवटी एवढेच. मुभा आधी ठरवून दिली म्हणजे ती पथ्याचाच भाग होते. चोरून घेतली म्हणजे ती पथ्याचा शेवट ठरते. सणानंतर आलेल्या रुग्णास प्रथम "किती खाल्ले?" असे न विचारता "बरे झाले, आलात" असे म्हणावे. तो पुन्हा येत राहिला तरच आपली चिकित्सा त्याच्या उपयोगी पडेल.