पॉलिशचं खापर सुताराच्या माथी

हौसेनं सुताराकडून सागवानी काचेचं कपाट करून घ्यावं आणि पॉलिश मारल्याच्या संध्याकाळीच त्यावर पांढुरकी झाक दिसावी. मग घरातलं कुणीतरी निकाल देतंच, 'लाकूड ओलं वापरलंय.' नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये हा आरोप हमखास होतो आणि बहुतेक वेळा सुतार बिचारा निर्दोष असतो. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलंय अशा दिवसांत लॅकरचा हात दिला, तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर धरते. झाक त्या थरात असते, लाकडात नाही. कोरडा दिवस बघून हळू उडणाऱ्या थिनरचा (दुकानात 'रिटार्डर' म्हणून मागा) हलका फवारा मारला की थर जरासा विरघळतो, अडकलेली ओल निघून जाते आणि झाकही बहुधा जाते. लाकूड खरंच ओलं असेल तर ते उन्हाळ्यात बोलतं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत सांधे उघडतात, फळी वाकते.

दुसरा समज खिशाला महागात पडणारा आहे. एक ओरखडा आला तरी 'सगळं घासून नव्यानं पॉलिश' करावं लागतं म्हणे. पण हे ठरतं पॉलिश कोणतं आहे त्यावर. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबा. जागा चिकट झाली तर ते चपडीचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटला दाद न देता थिनरनं मऊ पडलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हींना जुमानलं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन). चपडीचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे तेवढ्याच जागेवर मलमलीत कापूस बांधलेली गद्दी फिरवून भागतं. पीयूचं तसं नाही. नवा थर जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. म्हणून आधी 320 नंबरच्या पेपरनं चमक मारावी लागते, आणि मध्येच ठिगळ दिलं तर त्याची कड कायम दिसते. अशा वेळी अख्खी पट्टी किंवा पूर्ण दार घ्यावं. बाकीच्या कपाटाला हात लावायचं कारण नाही.

चपडीचं पॉलिश चिकट राहिलं तर 'आणखी एक हात द्या, सुकेल' असं सांगणारे भेटतात. नाही सुकणार. चपडी स्पिरिटमध्ये भिजवली की तिचं आयुष्य मोजकं उरतं, मग ती नीट सुकत नाही. बाटली सहा महिने पडून असली तर ती वापरायच्या आधी काचेवर एक थेंब सुकवून बघावा. चिकट थर स्पिरिटनं पुसून काढायचा आणि ताजी चपडी भिजवायची.

खोबरेल लावून ओरखडे लपवणं ही तर घरोघरची खोड. हे तेल सुकत नाही, धूळ धरतं आणि पुढचं पॉलिश तिथे नीट बसू देत नाही.

काचेबद्दल मात्र सुतारही चुकतात. 'सिलिकॉननं चिकटवली की पक्की' म्हणत काच घट्ट बसवतात. चौकटीच्या खाचेत काचेभोवती दोनेक मिलिमीटर जागा हवीच, कारण नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड आडव्या अंगानं फुगतं, काच फुगत नाही. शिवाय सिलिकॉनचा हात जिथे लागला तिथे पॉलिश धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात आणि कितीही थर दिले तरी ती बुजत नाहीत. काच आतून लाकडी गोलापट्टीनं अडकवावी, पट्टीला बारीक चुका मारून. म्हणजे पॉलिश दुरुस्त करताना पट्टी काढून काच बाहेर घेता येते. काच जागेवर ठेवून घासायला गेलात तर पेपरचे ओरखडे काचेवर उठतील, आणि ते काही पॉलिशनं भरत नाहीत. पॉलिशचे वाळलेले थेंब मात्र काच साबणाच्या पाण्यानं ओली करून, नवं ब्लेड तिरकं धरून सहज खरवडता येतात.