सात जणींचा खेळ

इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात आयर्लंड हा देश आहे. तिथे पाऊस पुष्कळ, गवत बारमाही हिरवे. खेड्यांतले कितीतरी लोक गाईमेंढ्या पाळतात. त्या देशात विक्लो नावाचा जिल्हा आहे. त्यात टिनाहीली हे लहानसे गाव. दर उन्हाळ्यात तिथे शेतीचे आणि जनावरांचे प्रदर्शन भरते. याच गावची एक मुलगी पुढे देशाच्या संघाची कप्तान झाली. तिचे नाव लूसी मलहॉल. तिची हकीकत आपण पाहू.

लूसीचा जन्म १९९३ सालचा. ती आधी गेलिक फुटबॉल खेळे. आपली जशी कबड्डी, तसा आयर्लंडचा हा घरचा खेळ. गावोगाव त्याची मंडळे आहेत. खेळणाराला पगार नाही. गावासाठी, जिल्ह्यासाठी खेळायचे. २०११ साली विक्लोच्या बायकांनी कनिष्ठ गटात साऱ्या आयर्लंडची स्पर्धा जिंकली. त्या संघात लूसी होती.

पुढे विशीत असताना ती रग्बीकडे वळली. हा खेळ तिला नवा होता.

रग्बी म्हणजे काय? चेंडू अंड्यासारखा लांबट असतो. तो हातात धरून पळायचे आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. टेकवला की ५ गुण. मग तोच चेंडू दोन उंच खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून लाथेने उडवला, तर आणखी २ गुण.

यात एक मोठी अट आहे. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. मागे किंवा बाजूलाच द्यायचा. आणि चेंडू घेऊन पळणारीला धरून खाली पाडता येते. गेलिक खेळात नेमके उलटे. तिथे चेंडू पुढे देता येतो आणि कुणाला धरून पाडायला मनाई असते. म्हणजे लूसीला जुनी सवय मोडायची होती आणि नवी लावायची होती. नवे शिकण्यापेक्षा जुने विसरणे अवघड, हे आपण जाणतोच.

मूळ रग्बीत एका बाजूला १५ खेळाडू असतात. १८८३ साली स्कॉटलंडातील मेलरोझ गावी मंडळाला पैशांची अडचण पडली. तेव्हा नेड हेग नावाच्या खाटकाने युक्ती काढली. सात-सात जणांचे छोटे सामने एका दिवसात उरकायचे आणि लोकांना तिकीट लावायचे. तोच हा सातांचा खेळ.

कबड्डीतही सातच गडी. पण इथले मैदान १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकर! एवढी जागा सात जणींनी राखायची. एकीची पकड सुटली की मागे सारे रान मोकळे. सात-सात मिनिटांचे दोन डाव, पण दम निघतो. कप्तानाला पळता पळताच फट कुठे आहे ते हेरावे लागते.

हा खेळ २०१६ साली ऑलिंपिकमध्ये आला. आयर्लंडच्या बायकांना तेव्हा जागा मिळाली नाही. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, तेव्हाही नाही. लूसीने खेळ सोडला नाही. जोडीला ती घरे विकून देण्याचा व्यवसायही करत होती.

जानेवारी २०२२ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल शहरी तिचा संघ प्रथमच मोठ्या मालिकेच्या अंतिम सामन्यात पोचला. ऑस्ट्रेलियाने त्यांना हरवले. मे २०२३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ येथे ऑलिंपिकची जागा पक्की झाली. मग जानेवारी २०२४ मध्ये पर्थ शहरी पुन्हा अंतिम सामना, पुन्हा ऑस्ट्रेलियाशीच, आणि तोही त्यांच्याच देशात. या वेळी आयर्लंडने १९ विरुद्ध १४ गुणांनी बाजी मारली. आयर्लंडच्या बायकांचे हे असे पहिलेच विजेतेपद. हिशेब करून पाहा. १४ म्हणजे चेंडू दोनदा टेकवला आणि दोन्हीदा खांबांमधून उडवला. १९ म्हणजे तिसऱ्यांदा टेकवला. एका टेकवण्याचाच काय तो फरक!

त्याच वर्षी जुलैत पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये लूसी संघ घेऊन उतरली. लग्नानंतरचे तिचे नाव लूसी रॉक. १२ संघांत आयर्लंडचा आठवा क्रमांक आला. पदक मिळाले नाही. पण जिथे दोनदा दार बंद झाले होते, तिथे त्या सात जणी खेळून आल्या.

हाताला लागलेली सवय मोठेपणी बदलता येते. मोठेपणी पाटी हातात घेतलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.