जुन्या जीपची उंची आणि पाट्यांची निवड

माझगावात 1940च्या दशकाच्या अखेरीस जुळणी सुरू झालेल्या विलीजपासून एमएम 540पर्यंत महिंद्राच्या जीपच्या चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) असत. 2010च्या थारमध्ये पाटे फक्त मागे उरले आणि 2020मध्ये तेही गेले. त्यामुळे डोंगरवाटांसाठी जुनी जीप उंच करायची म्हटले की प्रश्न पाट्यांच्या निवडीपाशी येतो. बहुतेक मालक ‘किती इंच?’ एवढेच विचारतात. खरे तर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न गाडीच्या वजनाचा.

उंची येते ती पाट्याच्या कमानीमुळे. कडकपणा मात्र जाडी, रुंदी, लांबी आणि पाट्यांची संख्या यांवर ठरतो. त्यातही जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो: रुंदी आणि लांबी तीच ठेवून 6 मिलिमीटरऐवजी 8 मिलिमीटर जाडीचा पाटा घेतला, तर तो जवळपास 2.4 पट कडक निघतो. उलट लांबी दहा टक्क्यांनी वाढली की कडकपणा सुमारे पाव भागाने उतरतो. म्हणून लांब, पातळ आणि जास्त कमानीचे पाटे ही चांगली निवड. जाड पाट्यांनीही गाडी उचलली जाते, पण मग चाक खळग्यात उतरत नाही, अधांतरी राहते. ऑफ-रोडिंगमध्ये चाकाने जमीन न सोडणे हेच तर हवे असते.

गाडीच्या वजनाने पाटा किती दबतो, यावरून ती किती उसळेल याचा अंदाज येतो. 10 सेंटीमीटर दबणाऱ्या पाट्यावर गाडी सेकंदाला साधारण 1.6 वेळा हलते, 5 सेंटीमीटर दबणाऱ्यावर 2.2 वेळा. दुसऱ्या गाडीत बसलेल्याच्या कमरेला हा फरक लगेच कळतो. वडापसाठी चाललेल्या जुन्या जीपमध्ये मागे जादा पाटे भरलेले अनेकदा सापडतात. दहा-बारा माणसांसाठी केलेली ती सोय दोन माणसांच्या रिकाम्या गाडीत आदळआपट करते. नवे काही विकत घेण्याआधी असे पाटे काढून गाडी सपाट जागी उभी करावी आणि चारही कोपऱ्यांत ॲक्सलपासून चासीपर्यंतचे अंतर मोजावे. डावी-उजवी बाजू वेगळी भरली तर पाटे बसले आहेत. पुष्कळदा मूळ मापाच्या नव्या पाट्यांनीच हरवलेली उंची परत मिळते. पुढचे पाटे निवडताना बोनेटखाली काय आहे हेही पाहावे, कारण पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या जीपचे नाक जड झालेले असते.

स्वस्त वाटाही आहेत. पाट्याचे टोक चासीला जोडणारा शॅकल लांब लावला की वाढीव लांबीच्या निम्मीच उंची मिळते आणि पुढे लावल्यास स्टीअरिंगचा कास्टर कोन बिघडून गाडी सरळ धरायला त्रास होतो. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालणे पुढच्या बाजूला धोक्याचे. मागेही त्याने जोर लागताना पाटा पिळवटतो. शिवाय ठोकळ्याने उंची वाढते ती पाटे ॲक्सलच्या वर असतील तरच; जुन्या जीपमध्ये ते ॲक्सलखाली असतात. ते वर घेतले तर एकदम चार-पाच इंच मिळतात, पण स्टीअरिंगच्या दांड्यांची सगळी मांडणी नव्याने करावी लागते. हे काम जाणत्या फॅब्रिकेटरचेच.

रोजच्या वापरासाठी आणि अधूनमधूनच्या घाटवाटांसाठी दीड-दोन इंच पुरेसे आहेत. त्यापुढे प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतात, ब्रेकचे होज ताणले जातात आणि शॉक ॲब्सॉर्बर तोकडे पडतात. शिवाय पाट्यांनी बॉडी आणि चासी वर जाते, डिफरन्शियल जमिनीपासून होते तेवढ्याच उंचीवर राहते. त्याला वर नेतात ते मोठे टायर. पाट्यांनी त्या टायरांना जागा मिळते, इतकेच.

पाटे घेताना पोलादाची प्रत विचारावी: ईएन 45 हे नेहमीचे सिलिकॉन-मँगनीज पोलाद, ईएन 47 हे क्रोम-व्हॅनेडियमचे. पॅराबोलिक पाटे टोकांकडे पातळ होत जातात. दोन-तीनच असतात आणि फक्त मध्यावर व टोकांना एकमेकांना टेकतात. घर्षण कमी असल्याने ते लहान खड्डेही मऊपणे घेतात, मात्र त्यांना चांगले शॉक ॲब्सॉर्बर लागतात. जुन्या पाट्यांवर घण मारून कमान वाढवणे स्वस्त पडते, पण थकलेले पोलाद काही महिन्यांत पुन्हा बसते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीविना फेरफार करता येत नाही, म्हणून मोठा बदल करण्याआधी आरटीओत चौकशी करावी.

बसवताना यू-बोल्ट नवेच वापरावेत, जुने ताणलेले असतात. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळावेत. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. नवे पाटे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतात. त्यानंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून उंची परत मोजावी आणि मगच अलाइनमेंट करून घ्यावी.