मरण विसरलेल्या पेशी

गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासले. पांढऱ्या पेशी ४२ हजार! पुढील तपासणीत क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग निघाला. तज्ज्ञांनी सांगितले, "तूर्त औषध नको, दर तीन महिन्यांनी तपासणी करा." मुलगा घाबरून माझ्याकडे आला. "डॉक्टरसाहेब, कॅन्सर आहे आणि औषध नाही? म्हणजे हात टेकले का? शेत विकून मुंबईला नेऊ?"

त्याला जे समजावले, तेच येथे देतो.

आईच्या पोटात बाळाचा पंजा आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. पेशींच्या अशा आपणहून मरण्यास अ‍ॅपॉप्टोसिस म्हणतात. जुन्या, बिघडलेल्या पेशीही अशाच जातात. बीसीएल-२ नावाचे प्रथिन हे मरण रोखते. ते बेसुमार वाढू नये म्हणून त्यावर लगाम असतो मायक्रो-आरएनएचा. सुमारे २२ दुव्यांची ही इवलीशी साखळी. प्रथिन बनविण्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएला ती चिकटते व निरोप वाटेतच अडवते. १९९३ साली ती प्रथम एका सूक्ष्म कृमीत सापडली. त्या शोधाबद्दल अ‍ॅम्ब्रोस व रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाले.

या रोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्याच तुकड्यात १५ व १६ क्रमांकाचे मायक्रो-आरएनए असतात, हे २००२ साली क्रोचे यांच्या चमूने दाखविले. लगाम सुटला की बीसीएल-२ वाढते, पेशी मरत नाहीत, साचत राहतात. म्हणूनच हा रोग पुष्कळांत सावकाश चालतो. लक्षणे नसताना घाईने औषध दिल्याने आयुष्य वाढते, असे आढळलेले नाही.

गरज पडल्यास औषधे आहेत. बीसीएल-२ लाच निष्प्रभ करणाऱ्या वेनेटोक्लॅक्सला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. मात्र मायक्रो-आरएनएच औषध म्हणून देण्याचा एक प्रयोग त्याच वर्षी गंभीर दुष्परिणामांमुळे थांबला. त्या नावाने कोणी गोळ्या विकत असेल, तर फसू नये.

वजन घटणे, रात्री घाम, वारंवार ताप, वाढत्या गाठी, धाप यांपैकी काही दिसले तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

मुलाला मी एवढेच म्हटले, "शेत विकू नकोस, पण तपासणीची तारीख चुकवू नकोस."